खाडीपलीकडची बोली

अलिबागहून दक्षिणेस जाणारा रस्ता आक्षी, नागाव, चौल अशी गावे ओलांडीत रेवदंड्यास पोहोचतो. दोन्ही बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या आड कोठेतरी समुद्र, असा हा प्रवास आहे. रेवदंड्यापाशी कुंडलिका नदी समुद्रास मिळते. तिच्या रुंद मुखापलीकडे एक लांबट डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. त्या डोंगरावर जुना किल्ला आहे आणि पायथ्याशी कोर्लई नावाचे गाव आहे. वस्ती कोळ्यांची, शेतकऱ्यांची. जाळी, होड्या, भातखाचरे, भाजीचे मळे सारे कोकणातल्या इतर गावांसारखेच.

परंतु गावाच्या ख्रिस्ती वस्तीत शिरावे आणि ओटीवर बसून बोलणाऱ्या वृद्ध मंडळींकडे कान द्यावा, म्हणजे पाहुणा चकित होतो. बोलण्याचा हेल ओळखीचा वाटतो, मधूनच एखादा मराठी शब्द कानी पडतो, आणि तरीही अर्थ लागत नाही. ही भाषा मराठी नव्हे, कोकणी नव्हे आणि गुजरातीही नव्हे. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात. नॉ लिंग म्हणजे ‘आमची बोली’. तिचे बहुतेक शब्द हजारो मैल दूर असलेल्या पोर्तुगाल देशातून आलेले आहेत. ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे हजाराच्या घरात आहे. जगाच्या पाठीवर ती या एका गावाची मायबोली आहे.

ती येथे कशी आली, आणि येऊन टिकली कशी, हे समजण्यासाठी रेवदंड्याच्या कोटात थोडे थांबावयास हवे.

चौल हे फार प्राचीन बंदर. अरबस्तान, इराण, आफ्रिका येथील गलबते येथे लागत. घोडे उतरत, कापड चढत. १५०५ च्या सुमारास पोर्तुगीजांची जहाजे या किनाऱ्यावर आली. १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्त व गुजरात यांच्या आरमारांशी त्यांची मोठी लढाई झाली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरी पोर्तुगीज मागे हटले नाहीत. अहमदनगरच्या निजामशहाची परवानगी घेऊन त्यांनी येथे प्रथम वखार घातली आणि १५२१ पासून कोट बांधावयास आरंभ केला. जुने चौल आत राहिले. समुद्रकाठच्या या नव्या तटबंद नगरासच आज आपण रेवदंडा म्हणतो.

व्यापारी आणि शिपाई यांच्या मागोमाग धर्मोपदेशकही आले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा निरनिराळ्या संघांच्या पाद्र्यांनी येथे चर्च आणि मठ उभारले. माडांच्या गर्दीत आज त्यांच्या भग्न भिंती उभ्या आहेत. ‘सातखणी’ म्हणून लोक ज्या उंच मनोऱ्याकडे बोट दाखवितात, तो फ्रान्सिस्कन मठाचा अवशेष होय. त्याचे वरचे मजले केव्हाच ढासळले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे एक लहानसे प्रार्थनामंदिरही रेवदंड्यात आहे.

या कोटात एक नवा समाज निर्माण झाला. पोर्तुगालहून आलेल्या शिपायांबरोबर त्यांच्या स्त्रिया सहसा नसत. त्यांतील अनेकांनी ख्रिस्ती झालेल्या येथील स्त्रियांशी विवाह केले. घरकाम करणारे, ओझी वाहणारे, शेतात राबणारे गरीब लोकही ख्रिस्ती झाले. धन्याला चाकराची भाषा येत नव्हती आणि चाकराला धन्याची. पण चूल तर पेटावयास हवी, पाणी भरावयास हवे, लेकरांना हाक मारावयास हवी! तेव्हा शब्द धन्याचे आणि वळण आपले, अशी एक कामचलाऊ बोली सहज तयार झाली. त्या घरांतली मुले हीच बोली बोलत मोठी झाली आणि कामचलाऊ बोलीची मातृभाषा झाली.

पलीकडच्या डोंगराचे महत्त्व निजामशाहीनेही ओळखले होते. पोर्तुगीज त्या डोंगराला ‘मोरो’, म्हणजे टेकाड, म्हणत. तेथून तोफा डागल्या तर खाडीत एक होडीसुद्धा सुखाने शिरू शकत नाही. दुसऱ्या बुर्‍हाण निजामशहाने तेथे बळकट किल्ला बांधला. पण १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो लढून घेतला. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे रेवदंडा आणि कोर्लई ही खाडीच्या मुखावरची दोन द्वारे त्यांच्या हाती राहिली.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांची सत्ता कोसळली. १७४० च्या तहाने चौल व कोर्लईही मराठ्यांकडे आली. ज्यांच्यापाशी पैसा आणि गलबत होते, ते पोर्तुगीज गोव्याकडे निघून गेले. शेतावर पोट असणाऱ्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांना असे निघून जाणे शक्य नव्हते. ती येथेच राहिली आणि कोर्लईच्या डोंगराखाली त्यांची वस्ती झाली. राज्य गेले, तोफा गंजल्या, किल्ल्यावरचे चर्च ओस पडले. आणि ज्या राज्यकर्त्यांनी ही बोली आणली, त्यांच्यामागे ती त्यांच्या चाकरांच्या मुखी जिवंत राहिली. इतिहासात असे फारसे घडत नाही.

पोर्तुगीज सत्ता वसई, ठाणे, साष्टी आणि मुंबई येथेही होती. तेथील ख्रिस्ती लोकांतही अशाच प्रकारची बोली चालत असे. गोव्याचे थोर भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फ डालगादो यांनी १९०६ मध्ये तिचे वर्णन लिहून ठेवले. परंतु मुंबईसारख्या वाढत्या नगरात इंग्रजीची चलती झाली, आसपास मराठीचा ओघ होता, आणि ती बोली विरून गेली. कोर्लईला मात्र एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी. पूल नव्हता तेव्हा तरीतून पलीकडे जावे लागे. शेजारच्या लोकांशी देवाणघेवाण होती, पण सोयरीक नव्हती. विवाह बहुतेक आपसांतच होत. दर रविवारी सारी वस्ती माउंट कार्मेलच्या मातेच्या चर्चमध्ये एकत्र जमे, आणि तेथील प्रार्थना लॅटिन अथवा पोर्तुगीज भाषेत चालत. ख्रिस्ती असणे आणि ही बोली बोलणे या कोर्लईकरांना दोन गोष्टी वाटतच नव्हत्या. खाडीने बोलीला वेढून ठेवले आणि धर्माने तिला धरून ठेवले. त्यांत धर्माचा वाटा मोठा म्हणावा लागेल. कारण खाडीकाठची गावे कोकणात थोडी नाहीत.

मात्र शेजाराचा परिणाम चुकला नाही. पोर्तुगीज मनुष्य ‘मी खातो मासा’ अशा क्रमाने बोलतो. क्रियापद आधी, कर्म मागून. कोर्लईची बोली बोलणारा ‘मी मासा खातो’ याच क्रमाने बोलतो. ‘घर आजीचे’ असे पोर्तुगीज भाषेचे वळण. कोर्लईत आधी आजी येते आणि मग घर. शब्द पोर्तुगीज राहिले, परंतु वाक्याचा कणा मराठी झाला! अडीचशेहून अधिक वर्षे मराठीच्या अंगणात वाढलेल्या बोलीला दुसरे वळण कोठून लागणार? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईकरांकडून ही बोली समजून घेऊन तिचा सविस्तर अभ्यास केला आणि १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आपल्या मराठीनेही त्या परक्या भाषेकडून पुष्कळ घेतले आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. सकाळी साबण लावून स्नान करावे, इस्त्रीचे कपडे घालावे, चहाबरोबर पाव खावा, बादली भरावी, कपाटाची चावी शोधावी, दाराची बिजागरी वाजते म्हणून तीत तेल घालावे. यांतील साबण, इस्त्री, पाव, बादली, चावी, बिजागरी हे सारे शब्द पोर्तुगीज जहाजांतून आले. गवंड्याचे घमेले, नोकराचा पगार, बाजारातला लिलाव हेही त्यांतलेच. बटाटा, काजू, अननस, पपई ही तर नावांबरोबर वस्तूसुद्धा त्यांनीच आणली, आणि आंब्यांचा राजा जो हापूस, तोही आफोन्सो या पोर्तुगीज नावाने ओळखला जातो. धर्माबरोबर आलेले शब्द वेगळे: पाद्री, क्रूस, नाताळ. मूळ भाषेत ‘नाताल’ म्हणजे जन्माचा. येशू ख्रिस्ताच्या जन्मदिवसाला महाराष्ट्रातील सर्व धर्मांचे लोक नाताळ म्हणतात.

कोर्लईत लोकांनी पाद्र्याची भाषा घेतली. त्याच काळी गोव्यात याच्या उलट घडले. तेथे एका पाद्र्याने लोकांची भाषा घेतली. चौल आणि वसई यांचा कारभार गोव्याहूनच चाले, म्हणून ही हकिकत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

या पाद्र्याचे नाव थॉमस स्टीफन्स. तो जातीचा इंग्रज. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात तो गोव्याच्या बंदरात उतरला. भारतात येऊन राहिलेल्या इंग्रजांत तो अगदी पहिल्यांपैकी मानला जातो. पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, तो गोव्याच्या साष्टी प्रांतात राहिला. तेथील नव्या ख्रिस्ती लोकांची एक अडचण त्याने पाहिली. त्यांची जुनी पुराणे वाचण्यास बंदी झाली होती. नवे काही त्यांच्या हाती नव्हते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी पोथी वाचली गेली, त्यांच्या घरी आता मुकाट बसावयाचे काय? स्टीफन्सने ही तक्रार एका ब्राह्मणाच्या मुखी घालून आपल्या ग्रंथातच मांडली आहे. तिला त्याने दिलेले उत्तर म्हणजे ‘क्रिस्तपुराण’.

ज्ञानेश्वर-एकनाथांनी ज्या ओवीत लिहिले, त्याच ओवीत स्टीफन्सने जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा गुंफली. ओव्यांची संख्या जवळजवळ अकरा हजार आहे. भाषा ग्रंथांतली मराठी. मात्र सामान्य माणसाला कळावे म्हणून तीत त्याने सोपे कोकणी शब्द मिसळले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. ग्रंथाच्या आरंभी त्याने मराठीची जी स्तुती केली आहे, ती प्रसिद्धच आहे. खड्यांत रत्न शोभावे, फुलांत मोगरी शोभावी, तशी भाषांत मराठी शोभते, असा त्याचा भाव आहे. मराठीवर असे प्रेम करणारा हा मनुष्य तिशीत येईपर्यंत मराठीचे एक अक्षरही जाणत नव्हता!

१६१६ मध्ये हा ग्रंथ रायतूर येथे छापला गेला. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्येच आले होते, पण देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. स्टीफन्सच्या मृत्यूनंतर त्याचे कोकणी भाषेचे व्याकरणही १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापील व्याकरण म्हणून त्याला अग्रमान देतात.

याच गोव्याच्या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. पोर्तुगीज राज्यात देवळे पाडली गेली. १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशन नावाच्या धर्मन्यायालयाने असंख्य लोकांचा छळ केला, आणि त्यात नव्याने ख्रिस्ती झालेलेही सुटले नाहीत. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. हुकमाने भाषा मरत नाही. कोकणी मेली नाही. पण जो स्टीफन्स लोकांच्या भाषेचे गुण गात होता, त्याच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी ती भाषा पुसून टाकू पाहिली. पोर्तुगीज अमलाचा विचार करताना या दोन्ही गोष्टी जवळ जवळ ठेवाव्या लागतात.

क्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो श्रद्धाळू लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. गोव्यातून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अशा पोथ्या जपल्या. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली, तीही रोमन लिपीत. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि तेव्हा मराठी वाचकाला हा मराठी ग्रंथ आपल्या लिपीत सुखाने वाचावयास मिळाला. मधे तीनशे चाळीस वर्षे गेली होती.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि अमेरिकन मिशनरी आले, तेव्हा त्यांनी स्टीफन्सचीच वाट धरली. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये कोश छापला. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. बाबा पदमनजी यांनी विधवांच्या दुःखाची कहाणी सांगणारी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये लिहिली. मराठी कादंबरीचा आरंभ बहुतेक अभ्यासक तीपासून मानतात. कोकणातील करजगाव येथे जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या अभंगांचा हात धरून ख्रिस्ताकडे गेले आणि त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतूनच गायिली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मात्र स्वतंत्र वाचावयास हवीत. ज्याने ती वाचली नाहीत त्याने मराठीतील एक फार मोठा आनंद अद्याप घेतलेला नाही.

अलिबागच्या परिसरात या मिशनऱ्यांमुळे एक निराळीच गोष्ट घडली. येथे बेने इस्रायल लोकांची जुनी वस्ती होती. त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी; हिब्रू भाषेचा व धर्मग्रंथांचा परिचय त्यांना जवळजवळ उरला नव्हता. मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले, आणि बायबलच्या मराठी भाषांतरामुळे बेने इस्रायलांना मोशे व दावीद यांच्या कथा आपल्या रोजच्या भाषेत वाचता आल्या. त्या लोकांनी ख्रिस्ती व्हावे, अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती. झाले ते असे की, मराठी बायबल हाती आलेले बेने इस्रायल आपल्या स्वतःच्या यहुदी धर्मातच अधिक दृढ झाले.

आता पुन्हा कोर्लईकडे वळू. तेथे गेल्या साठ वर्षांत मोठा पालट झाला आहे. रोम येथे १९६२ ते १९६५ या काळात कॅथलिक धर्मगुरूंची महापरिषद भरली आणि उपासना लोकांच्या भाषेत करण्यास मोकळीक मिळाली. लॅटिन मागे पडली. कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी आली. जो निर्णय जगातल्या असंख्य गावांना आपल्या भाषेजवळ घेऊन गेला, त्यानेच कोर्लईच्या बोलीचा एक जुना आधार काढून घेतला. कारण ‘लोकांची भाषा’ म्हणजे येथे मराठी असेच सर्वांनी धरले, आणि त्यात कोणाचे चुकले असेही म्हणवत नाही. मुले मराठी शाळेत जातात. त्यांना अभ्यास सोपा जावा म्हणून काही पालक घरीही त्यांच्याशी मराठीत बोलू लागले. खाडीवर पूल झाला, आणि तरुण मंडळी नोकरीधंद्यासाठी अलिबागला, मुंबईला जाऊ लागली.

बोलीला स्वतःची लिपी नाही. क्रिस्तपुराण जसे पोथ्यांतून उतरले, तसे तिचे काही उतरलेले नाही. तिची गाणी आणि गोष्टी तोंडी चालत आल्या. क्लेमेंट्स यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे आणि तो भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कोर्लईचे आजी-आजोबा लिहितात ते मराठीत, प्रार्थना म्हणतात ती मराठीत. हिशेबही मराठीत होतो. मग सायंकाळी दिवेलागणीला, शेतावरून आलेली माणसे ओटीवर टेकतात तेव्हा, एकमेकांची विचारपूस मात्र ते अद्याप नॉ लिंगमध्ये करतात.